न टोचलेली जागा

आदल्या संध्याकाळी डब्यांत काठोकाठ पाणी भरून
शाळेच्या पत्र्यावर मांडून ठेवायचे.
चार हजार दोनशे मीटर उंचीवर, जून महिन्यात,
बाकीचं काम रात्र फुकट करून देते.
सकाळी तेरा डब्यांत तेरा दगड बर्फाचे.
आता बुडावर खिळा मारला तरी पत्रा चेपत नाही.
युक्ती पुस्तकातली. पुस्तक लिमाहून आलेलं.
‘डबे फ्रीजरमध्ये ठेवावेत’, असं त्यात लिहिलंय.
वर्गात मी ते मोठ्याने वाचलं
आणि आम्ही पोटभर हसलो.

दोन डब्यांची बुडं फुगून आली,
ती पेन्सिली ठेवायला गेली.
उरले अकरा. मुलंही अकरा.

फळ्यावर मी विंचू काढला:
नांग्या, लाल काळीज, शेपटीचा आकडा,
पंधरा तारे, पंधरा भोकं.
‘प्रोफे, हा प्राणी कुठे असतो?’ सायवाने विचारलं.
इतक्या वर विंचू येत नाही.
मी खालची, किनाऱ्याकडची;
माझ्या बुटातून एकदा निघाला होता,
तर बूट काढून, एका पायावर नाचून
मी तो करून दाखवला.
नाच आवडला. विंचू कुणाला पटला नाही.

कागद उलटा धरून गिरवायचा,
कारण उजेड आतून बाहेर पडतो
आणि छतावर डाव्याचं उजवं होतं.
हे समजावताना माझंच दोनदा चुकलं.

मग ठाक ठाक ठाक.
हातोड्या दोन, बाकी नदीतले गोटे.
बर्फाचा चुरा बाह्यांवर, भुवयांवर.
आर्मिदाने अंगठ्यावर घाव घेतला,
अंगठा तोंडात घातला
आणि गोटा डाव्या हातात घेऊन पुढे चालू.

एलिसेओ थांबेचना.
पंधरा झाली, चाळीस झाली,
बुडाची चाळणी व्हायला आली.
‘अरे, तारे मोजून दिलेत मी!’
मान वर न करता तो म्हणाला,
‘मी तारे करत नाहीये.’
मी त्याच्या हातातून डबा ओढून घेतला.
हेही लिहून ठेवते. ओढून घेतला.
दुसरा डबा नव्हता, म्हणून परत दिला.

दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या.
टॉर्च एकच. ज्याची पाळी त्याने
आपला डबा तिच्यावर पालथा घालायचा.
छतावर विंचू. पुन्हा विंचू. एक लंगडा विंचू.
आर्मिदाच्याला शेपूटच नव्हती.
मुलं टाळ्या वाजवत होती,
पाहुण्यांसाठी वाजवतात तशा.

मग एलिसेओ.
छतभर उजेडाचं पीठ सांडलं
आणि त्या पिठात एक जागा कोरडी:
लांब मान, पाठीचा उंचवटा, चार पाय,
पोटाखाली आणखी एक लहान, आचळाला लागलेलं.
त्या काळ्यात भोकं दोनच. डोळे.
‘लामा!’
सगळे एकदम ओरडले,
बाहेर दाव्याला बांधलेल्या लामांनी कान वळवले असतील.
‘तुम्ही टिंब टिंब जोडता, प्रोफे,’
एलिसेओने मला समजावलं, माझ्याच आवाजात,
‘ती टिंबांत नसते. मधल्या काळ्यात असते.’

त्या रात्री दोन स्वेटर घालून मी पटांगणात उभी राहिले.
तीन वर्षं मी या आकाशाखाली झोपतेय.
आकाशगंगेतले ते काळे डाग
म्हणजे तारे संपले ती जागा,
असंच मी धरून चालले होते.
मान सापडली. हरवली.
कुठेतरी कुत्रं भुंकलं, मी खाली पाहिलं,
परत वर पाहिलं तर पाय आधी दिसले.
पिल्लू दिसायला फार वेळ लागला.
तोवर माझ्या पायांना काही कळेनासं झालं होतं.

जिल्ह्याला तक्ता पाठवायचा असतो:
मुलाचं नाव, तारकासमूह, ताऱ्यांची संख्या.
दहा ओळींत पंधरा-पंधरा लिहून झाले.
आर्मिदापुढे अकरा.
एलिसेओपाशी पेन थांबलं.
डोळे धरले तर दोन.
दोन लिहिलं.
मग शेजारी, बारीक अक्षरात:
आणि एक पिल्लू.